कसारा घाटात काटा लालला टेकतो: गाडी तापते की मीटर खोटं बोलतं?

लासलगावकर (४ मे, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

गाडी दहा चाकी, २०१३ चं मॉडेल, गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. चालवतो चुलतभाऊ, मी अधूनमधून सोबत असतो. रात्री कांदा भरून वाशी मार्केट, सकाळी खाली करायची, दुपारी भिवंडीत नाशिकच्या सातपूर-अंबडला जाणारा माल भरायचा आणि जड वाहनांची बंदी उठली की रात्री परत. म्हणजे कसारा चढतो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते आणि पाठीवर पूर्ण लोड असतो.

दुखणं असं. सपाटीला काटा बरोबर मध्यावर. खर्डी सोडलं की हलायला लागतो, घाटात पाऊण आणि वरच्या वळणांवर लालच्या कडेला. इगतपुरीला ढाब्यावर उभे राहिलो की पाच-सात मिनिटांत खाली येतो. पाणी कमी होत नाही, वाफ नाही, कॅपमधून गळती नाही, गाडी ओढायलाही बरी आहे.

मेकॅनिक क्रमांक एक म्हणाला रेडिएटर बदला. क्रमांक दोन म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं. भाऊ म्हणतो मीटरच खोटं, दुर्लक्ष कर. तिघांच्या बोलण्यातला खर्च अनुक्रमे मोठा, फार मोठा आणि शून्य. मन तिसऱ्याकडे ओढतंय, म्हणूनच विचारतोय.

एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात एकदाच दिवसा सिन्नरला भाडं नेलं. ४० अंशांचं ऊन होतं, तरी काटा पावच्या वर आला नाही. भाऊ खूश. म्हणाला, दिवसा गाडी थंड चालते.

टॉरसवाला (४ मे, रात्री ९.३५)

थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून फेकून दे. माझ्या चारही गाड्यांना नाही. आपल्याकडच्या उन्हात त्याचं काम काय? तो थंड देशांसाठी. दहा मिनिटांचं काम आहे, मग बघ काटा कसा खाली बसतो.

मीटर_डाउन (४ मे, रात्री ९.४१)

समृद्धीवरून जा की. इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, बोगद्यातून सरळ बाहेर. घाटच नाही तर काटा कशाला चढेल?

लासलगावकर (४ मे, रात्री ९.५०)

टोल तुम्ही भरणार असाल तर आजपासून.

डेपोकाका (४ मे, रात्री १०.२०)

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. टॉरसवाल्यांना आधी उत्तर देतो.

व्हॉल्व काढला की गाडी थंड राहते ही अर्धी गोष्ट झाली. बऱ्याच डिझेल इंजिनांत व्हॉल्वला दोन तोंडं असतात. गार असताना तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो आणि बायपासचा उघडा, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. तापला की रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि दुसऱ्या तोंडाने बायपास दाबून बंद करतो. काढून टाकलात तर दोन्ही रस्ते कायमचे उघडे. सपाटीला इंजिन गरजेपेक्षा गार राहतं, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये गाळ धरतो, लायनर-रिंगा (सिलिंडरचं अस्तर आणि पिस्टनच्या कड्या) लवकर झिजतात. आणि घाटात, जिथे सगळं पाणी रेडिएटरमधून जायला हवं, तिथे त्यातला एक हिस्सा बायपासने तापलेलाच परत इंजिनात. म्हणजे जिथे गार हवं तिथे गरम आणि जिथे गरम हवं तिथे गार. तो थंड देशांसाठी नाही, इंजिनासाठी आहे. इंजिनाला ८०-९५ अंश पाहिजेत, मग बाहेर बर्फ असो नाहीतर वैशाख.

आता लासलगावकर. तुमच्या पोस्टमधला शेवटचा परिच्छेद तुम्ही जाता जाता लिहिलात, मला तोच खटकतोय. भर उन्हात पावपर्यंत आणि रात्रीच्या गारव्यात सपाटीला मध्यावर? उलट व्हायला हवं, निदान सारखं तरी.

वर्धेकर (४ मे, रात्री १०.३२)

काका बरोबर बोलून राह्यले. दिवसा अन् रात्री फरक काय भाऊ? हवा तर रात्रीच गार.

चोवीस_व्होल्ट (४ मे, रात्री ११.०५)

फरक हेडलाइटचा. मी वायरमन आहे, इंजिनाचं मला कळत नाही, पण हा आजार ओळखीचा वाटतो.

लासलगावकर दादा, उद्या गाडी गरम असताना अड्ड्यावर उभी करा, इंजिन चालू ठेवा. काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा. मग हेडलाइट लावा, अप्पर मारा आणि अर्धा मिनिट थांबा. दुसरा फोटो. आणि डिझेलच्या काट्याकडेही लक्ष ठेवा.

लासलगावकर (५ मे, सकाळी ८.१५)

डिझेलचा काय संबंध?

चोवीस_व्होल्ट (५ मे, सकाळी ८.३०)

आधी बघा तर.

लासलगावकर (५ मे, रात्री ८.४७)

मंडळी, चमत्कार झाला. गाडी जागेवर उभी, लाइट बंद, काटा पाववर. लाइट लावले आणि काटा संथपणे चढत वीस-पंचवीस सेकंदांत मध्याच्या जवळ. बंद केले, परत खाली. चार वेळा केलं. आणि डिझेलचा काटासुद्धा पाव टाकीवरून अर्ध्याकडे सरकतो!

मीटर_डाउन (५ मे, रात्री ८.५२)

हेडलाइट लावल्यावर टाकीत डिझेल वाढत असेल तर तुमच्याइतका नशीबवान गाडीमालक महाराष्ट्रात नाही. लाइट बंदच करू नका.

चोवीस_व्होल्ट (५ मे, रात्री ९.२०)

इंजिनात पंचवीस-तीस लिटर पाणी. ते उभ्या गाडीत वीस सेकंदांत तेवढं तापत नाही आणि तेवढंच परत निवतही नाही. हे पाणी नाही, करंट आहे.

तुमच्या मॉडेलला जुन्या पद्धतीचा मीटर. इंजिनावर एक बल्ब, म्हणजे सेन्सर. पाणी तापलं की त्याचा रोध कमी होतो, जास्त करंट वाहतो, काटा चढतो. बल्बची अर्थिंग इंजिनाच्या बॉडीतून होते. मीटरमध्ये एक छोटा रेग्युलेटर असतो, जो बॅटरीच्या कमीजास्त व्होल्टेजला एका ठरलेल्या आकड्यावर धरतो, आणि पाणी-डिझेल दोघांनाही तोच पुरवठा करतो. त्या रेग्युलेटरची अर्थिंग मीटरच्या मागच्या वायरने होते. ती वायर सैल झाली, गंजली की पॅनलच्या दिव्यांचा करंट तिथे अडतो आणि मीटरचा 'शून्य' वर उचलला जातो. मग दोन्ही काटे एकत्र वर. दोन काटे एकाच वेळी खोटं बोलायला लागले की दोघांचा बाप शोधायचा.

मल्टीमीटर घ्या. काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक मीटरमागच्या अर्थ वायरला. लाइट लावून बघा. आकडा शून्याला चिकटून हवा, ०.१ व्होल्टच्या आत.

उलटं पण लक्षात ठेवा, सगळ्यांसाठी. बल्बची वायर तुटली तर काटा कायम गार. वायर घासून बॉडीला लागली तर चावी फिरवताच काटा पार लालला, थंड इंजिनावरसुद्धा. आणि बल्ब बसवताना आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची हौस असलेले कारागीर असतात, त्यांना हात जोडा. टेपमुळे अर्थिंग कच्ची होते आणि काटा खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. हे जास्त धोक्याचं.

टॉरसवाला (५ मे, रात्री ९.३१)

म्हणजे भाऊ बरोबर होता. मीटर खोटं. विषय संपला.

डेपोकाका (५ मे, रात्री १०.०२)

विषय आत्ता कुठे सुरू झाला. मीटर जास्त दाखवतं हे कळलं. मग खरं तापमान किती, हे कुठे कळलं? रात्री सपाटीला मध्यावरचा काटा खोटा असेल तर खरा पावच्या खाली आहे. चांगल्या इंजिनाचा काटा पावच्या खाली बसत नाही.

आधी अर्थिंग नीट करा. मग एक खात्रीचा आकडा मिळवा. तोवर रेडिएटरला हात लावू देऊ नका कोणाला.

काटकोन (६ मे, दुपारी १.१५)

थोडं अवांतर, पण कामाचं. मी पुण्यात डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरवर काम करते. चोवीस_व्होल्टदादांनी सांगितलं ते जुन्या गाड्यांचं. बीएस-४ पासून, आणि बीएस-६ मध्ये (एप्रिल २०२०) तर सर्रास, सेन्सर थेट मीटरला जोडलेलाच नसतो. तो दोन वायरींनी ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) जातो, ईसीयू आकडा काढून कॅन लाइनवर (गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरींवर) टाकतो. ट्रकमध्ये जे१९३९ ही भाषा चालते, तिच्यात कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान एका बाइटमध्ये येतं: आकड्यातून ४० वजा केले की अंश. लाइनवर १३० आले म्हणजे ९० अंश. हा आकडा एकेका अंशाने बदलतो, चांगलाच बारीक असतो.

पण तुम्हाला दिसतो तो काटा या आकड्याची सरळ नक्कल असेलच असं नाही. पुष्कळ मीटरमध्ये मध्ये एक सपाट पट्टा ठेवलेला असतो. समजा ७८ ते १०२, या सगळ्या अंतरात काटा मध्यावर गप्प. गाडीगणिक हे आकडे वेगळे. कारण असं की काटा जरा हलला की लोक वर्कशॉपला येतात. त्यामुळे नव्या गाडीचा काटा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. तो मध्यावरून हलला तर समजा की आत बरंच काही घडून गेलंय.

खरा आकडा बघायचा असेल तर डायग्नोस्टिक सॉकेटला वाचणारं यंत्र लावा. मात्र कारचं स्वस्त ब्लूटूथ डोंगल ट्रकला लावू नका. सॉकेटवर चोवीस व्होल्ट असतात, बारा व्होल्टवाला कधी कधी धूर सोडतो. आणि त्यातल्या पुष्कळांना जे१९३९ समजतही नाही.

वर्धेकर (६ मे, दुपारी ३.४०)

ताई, आता समजलं! माह्या बीएस-६ टिपरचा काटा मध्यावर अन् गाडी खाणीच्या चढावर ओढेच ना. मी टर्बोवर शंका घेतली. यंत्र लावलं तं पाणी १०० च्या वर. ईसीयूनंच पॉवर कमी केली होती. शेवटी निघालं काय, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी, रेडिएटरच्या समोर असते) अन् रेडिएटरच्या मधात धुळीचा अन् गवताचा गादीसारखा थर. समोरून पाहाल तं रेडिएटर दिसतच नाही, इंटरकूलर चकाचक दिसते.

डेपोकाका (६ मे, सायंकाळी ६.१०)

उसाच्या हंगामात पाचट, कापसाच्या भागात कापूस, सगळं तिथेच जाऊन बसतं. धुताना पाणी इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने मारा. समोरून मारलंत तर कचरा आणखी आत. आणि प्रेशर गन जवळून मारू नका, पाती वाकतात.

अर्धा_पंक्चर (६ मे, रात्री ११.२०)

इथे एक माझी आठवण टाकतो, कारण काटा खाली येणं म्हणजे चांगलंच असं सगळे धरून चाललेत.

सोलापूर रोडला टेंभुर्णीच्या पुढे रात्री माझा काटा चढला. मी गाडी हळू केली. दोन-तीन किलोमीटरवर काटा झपकन खाली. म्हटलं वा, निवली, आणि परत दामटली. इंजिन धरलं. खालचा होजपाइप फुटून सगळं पाणी केव्हाच रस्त्यावर गेलं होतं, आणि बल्ब कोरड्या जागी लटकत होता. त्याला पाणी लागलं तर तो तापमान सांगणार ना. हवेचं काय सांगणार? चढलेला काटा एकाएकी पडला की मी आता जागच्या जागी थांबतो.

लासलगावकर (८ मे, रात्री १०.४०)

दोन दिवस गायब होतो, फेरीला सोबत गेलो होतो.

मल्टीमीटर: लाइट बंद ०.४, लाइट चालू २.१ व्होल्ट. मीटरमागची अर्थ वायर एका गंजक्या स्क्रूला कशीबशी अडकली होती. नवी वायर ओढली, जागा घासून चकचकीत केली, आता ०.०४. हेडलाइट लावला तर काटा ढिम्म. डिझेलसुद्धा वाढत नाही, वाईट वाटलं.

मग काकांचं ऐकून मेकॅनिक क्रमांक एककडून तापमानाची गन आणली. थर्मोस्टॅटच्या घरावर मारली तर ४८ दाखवते, शेजारच्या होजवर ६०! हे कसं?

काटकोन (८ मे, रात्री १०.५५)

चकचकीत ॲल्युमिनियमवर ती गन फसते. चकाकत्या धातूतून उष्णतेचे किरण कमी बाहेर पडतात, गनला वाटतं गार आहे. त्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा किंवा उष्णतेला टिकणारा काळा रंग मारा, त्यावर मोजा. तरी आतल्या पाण्यापेक्षा दोन-चार अंश कमीच दाखवेल, तेवढं मनात धरा.

डेपोकाका (८ मे, रात्री ११.१५)

आणि बल्बची परीक्षा घरच्या घरी होते. बल्ब काढा (इंजिन गार असताना!), पातेल्यात पाणी, गॅसवर ठेवा, बाजूला थर्मामीटर, बल्बचं टोक आणि बॉडी मल्टीमीटरला. तापत जाईल तसा ओहम्सचा आकडा सलग उतरला पाहिजे, मध्येच उड्या मारता कामा नये. पाणी खळखळ उकळेल तेव्हा १०० धरू नका. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तिथे पाणी ९८ लाच उकळतं.

याच हिशोबाने रेडिएटरची कॅप बघा. कॅप दाब धरून ठेवते म्हणून आतलं पाणी शंभरला उकळत नाही. एक बारच्या कॅपने साधं पाणी १२० च्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट असेल तर त्याहून वर. कॅपचं रबर गेलं की हे सगळं गेलं, आणि मीटर बरोबर असूनही ९९ ला वाफ.

लासलगावकर (१० मे, रात्री ९.३०)

बल्ब पास. ६० अंशांना १३० ओहम्सच्या आसपास, ९० ला ५० च्या आसपास, उतार सलग. (तुमच्या गाडीला हेच आकडे लावू नका, प्रत्येक कंपनीचा बल्ब वेगळा.) पातेलं घरातलं होतं, त्याबद्दल वेगळा धागा निघू शकतो.

काळ्या टेपवर मोजलेलं:
सपाटीला, शहापूरपर्यंत, थांबून लगेच: ६४.
घाट चढून आल्यावर पहिल्या मोकळ्या जागेत: ९९.

म्हणजे काटा घाटात लालपर्यंत जात नाही, पाऊणच्या अलीकडे थांबतो. पण आकडा ९९ आहेच. आणि सपाटीला ६४. आता मी आणखी गोंधळलो. गाडी तापते की गारठते?

डेपोकाका (१० मे, रात्री ९.४४)

दोन्ही. थर्मोस्टॅटचं घर उघडा.

लासलगावकर (११ मे, दुपारी १२.२०)

उघडलं. आत नुसतं रबराचं गॅस्केट. व्हॉल्वच नाही!

आधीच्या मालकाला फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "हो, दोन उन्हाळ्यांपूर्वी काढून टाकला, गरम होत होती म्हणून."

वर्धेकर (११ मे, दुपारी १२.३१)

टॉरसवाले भाऊ, ऐकून राह्यले काय?

टॉरसवाला (११ मे, दुपारी २.०५)

ऐकतोय. माझ्या गाड्या घाटात जात नाहीत, परभणी-नांदेड पट्ट्यात चालतात. पण ॲव्हरेजबद्दल तीन वर्षं ड्रायव्हरांशी भांडतोय हे खरं.

चोवीस_व्होल्ट (११ मे, सायंकाळी ७.००)

गंमत बघा. व्हॉल्व नाही म्हणून इंजिन गार, अर्थिंग कच्ची म्हणून मीटर गरम. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि रात्री सपाटीला काटा मध्यावर, अगदी शहाण्यासारखा. सिन्नरला दिवसा लाइट नव्हते तेव्हाच तो खऱ्याच्या जवळ आला होता, आणि आपण म्हटलं दिवसा गाडी थंड चालते.

डेपोकाका (११ मे, रात्री ८.१५)

नवा व्हॉल्व घेताना त्यावर कोरलेला आकडा बघा. तो उघडायला लागण्याचा अंश, बहुतेक ८२ च्या आसपास असतो, पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा लागतात. तुमच्या इंजिनाचा आहे तोच घ्या. बसवण्याआधी त्याच पातेल्यात उकळून उघडतो का बघा, नवा असला तरी.

पाणी बोअरचं भरत असाल तर तेही बंद. क्षार आत थर धरतात, आणि साध्या पाण्यात लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडत जातात. कूलंटचं मिश्रण भरा.

आणि घाटात काटा चढायला लागला तर भावाला सांगा: वरच्या गिअरमध्ये रेटत नेऊ नको, खालचा टाक. इंजिन मोकळं फिरलं की वॉटर पंप आणि पंखाही जोरात फिरतात. तरी चढला तर बाजूला घेऊन काही मिनिटं रिकामं चालू ठेव. लगेच बंद केलं तर पाणी फिरायचं थांबतं आणि तापमान उलट वर जातं. अर्थात पाणीच गेलं असेल तर तत्काळ बंद. कॅपला हात लावायचा नाही, तापल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. हेडला तडा त्यानेच जातो.

लासलगावकर (१७ मे, रात्री १०.१०)

शेवटचा अहवाल. ८२ चा व्हॉल्व बसवला, कूलंट भरलं, रेडिएटर उलट्या बाजूने धुतला (पाव पोतं कांद्याची सालं आणि धूळ निघाली, खोटं नाही). कॅप बदलली. दोन फेऱ्या झाल्या, पूर्ण लोड.

काळ्या टेपवर: सपाटीला ८४ ते ८६. घाट चढून ९३. काटा सपाटीला मध्याच्या किंचित खाली, घाटात मध्याच्या एक रेघ वर, लालचं नाव नाही. भावाने मीटरच्या काचेवर स्केच पेनने दोन खुणा केल्यात, एक सपाटीची, एक घाटाची. लिटरला किलोमीटर ३.६ चे ३.९ झालेत, पण दोनच फेऱ्या आहेत, म्हणून अजून पेढे नाहीत.

रेडिएटर आणि हेड गॅस्केट, दोन्ही जागच्या जागी.

मीटर_डाउन (१७ मे, रात्री १०.१८)

आणि डिझेलचा काटा?

लासलगावकर (१७ मे, रात्री १०.२२)

तोही खरं बोलायला लागलाय. भाऊ म्हणतो, अर्थिंग दुरुस्त केल्यापासून टाकी लवकर संपते.